व्याह्यांची हलकी मॅक्रोनी

या पृथ्वीतलावर जे जे चविष्ट आहे त्यातून चव वजा केल्याखेरीज स्वस्थ न बसणारा मनुष्य मी आयुष्यात एकच पाहिला, आणि दुर्दैवाने ते माझे व्याही आहेत. दुर्दैवाने अशासाठी, की परक्या माणसाविरुद्ध निदान तक्रार करता येते. महानगरपालिकेपासून सोसायटीच्या लिफ्टवाल्यापर्यंत मी आजवर सर्वांना पत्रे लिहिली आहेत आणि प्रत्येक पत्राची प्रत माझ्या फाइलला लावलेली आहे. परंतु मुलीच्या बापाने व्याह्यांच्या घरी पानात पडेल ते मुकाट्याने संपवावे, हा दंडक माझ्या आईने मुलीच्या बारशालाच मला बजावून ठेवला होता. त्यावर अपिलाची सोय नाही.

व्याही पूनम सागर सोसायटीत, माझ्या घरापासून दहा मिनिटांवर राहतात. लग्नसमारंभात ते खिशातून टिपकागद काढून बटाटेवडा टिपतात आणि कागदावरचा तेलाचा डाग शेजारच्या पाहुण्यास एक्स-रेप्रमाणे उजेडात धरून दाखवतात. पावभाजीच्या गाडीवर पावावरचे लोणी चमच्याने खरवडून ते गाडीवाल्यास साभार परत करतात. एकदा डेअरीत त्यांनी सर्वांत हलके दूध आणि सर्वांत हलके पनीर नाकारून त्याहूनही हलके काही आहे का, अशी पृच्छा केली. डेअरीवाला म्हणाला, "अंकल, इससे हल्का चाहिए तो खाली थैली ले जाओ." व्याह्यांनी या सूचनेचा क्षणभर गांभीर्याने विचार केला, याचा मी प्रत्यक्ष साक्षीदार आहे.

हे सारे मी सोसले. पण त्यांनी मॅक्रोनीला हात घातला! विहीणबाईंची बेक्ड मॅक्रोनी म्हणजे लोणी, मैदा आणि दुधाचा दाट पांढरा सॉस, त्यात अननसाचे तुकडे आणि वर चीजचा खरपूस थर. मुलीचे स्थळ पाहायला गेलो तेव्हा ती दोनदा मागून घेतली आणि पत्रिका न उघडताच होकार दिला. आमच्या नात्याचा कायदेशीर पाया तोच. गेल्या वर्षी विहीणबाईंच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली, डॉक्टरांनी लोणी-चीज बंद केले आणि त्यांचे जेवणच बंद झाले. दोन घास घ्यायच्या आणि ताट सरकवायच्या. मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत जाऊ लागल्या. तेव्हा व्याह्यांनी ठरवले, की तिचीच मॅक्रोनी हलकी करून तिला पोटभर खायला घालायची.

दर रविवारी मला साक्षीस पाचारण होऊ लागले. पहिल्या रविवारी सॉस दुधी भोपळ्याचा होता. दुसऱ्या रविवारी तो ओट्सच्या पिठाचा होता आणि त्यात रुतलेला चमचा आम्ही दोघांनी मिळून बाहेर काढला. तिसऱ्या रविवारी चीजऐवजी दह्याचा चक्का आला आणि खरपूस रंग दिसावा म्हणून त्यावर हळद! ओव्हन उघडताच मला हळदी समारंभास आल्याचा भास झाला.

"कशी झालीय?" व्याह्यांनी विचारले.

"उत्तम," वधूपिता उद्गारला.

विहीणबाईंनी दोन घास घेऊन ताट सरकवले.

"अगं, खा ना थोडं."

"नको हो. भूकच नाहीये."

घरी येताच मी कागद ओढला. आईचा दंडक बोलण्यास मनाई करतो, लेखनास नाही, असा अर्थ मी लावला. "महोदय, आपल्या निवासस्थानी मॅक्रोनी या नावाखाली जो पिवळा ऐवज माझ्यासमोर ठेवण्यात आला, त्याचे मॅक्रोनीशी नाते सिद्ध करणारी कागदपत्रे तत्काळ सादर करावीत. तोवर सदर पदार्थास मी ओळखत नाही." पत्र त्यांच्या वॉचमनच्या हाती दिले आणि परतताना मुलीचे सासर आठवून, ते परत मागावे की काय, याचा खल करीत घर गाठले.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. "पत्र मिळालं," व्याही म्हणाले. मी खुर्चीत बसलो.

"जेवताना हिला वाचून दाखवलं. हसली हो ती! ऑपरेशननंतर पहिल्यांदा. आणि हसता हसता कालची मॅक्रोनी संपवली."

"ती हळदीची?"

"तीच. पुढच्या आठवड्यातही हरकत घ्याल ना?"

तेव्हापासून दर सोमवारी माझी हरकत त्यांच्या टेबलावर रुजू होते. विहीणबाई ती दोनदा वाचून घेतात आणि ताट रिकामे करतात. बांगड्या हळूहळू मनगटाकडे परतू लागल्या आहेत.

मात्र गेल्या रविवारी विपरीत घडले. व्याह्यांनी फ्लॉवर उकडून दुधात घोटला होता, त्याला चमचाभर भाजलेले बेसन लावले होते आणि वर डॉक्टरांच्या परवानगीने चीजचा नुसता शिडकावा केला होता. मी पहिला घास घेतला आणि थांबलो. ती विहीणबाईंची मॅक्रोनी नव्हती, पण तिची सख्खी धाकटी बहीण खास होती. व्याही माझ्याकडे पाहत होते. विहीणबाईंनी दोन घास घेऊन चमचा खाली ठेवला आणि म्हणाल्या, "व्याहीबुवा, उद्या पत्र येईल ना?"

"येईल," मी म्हणालो.

उभ्या आयुष्यात मी असत्य मजकुराखाली सही केलेली नाही. सोमवारी सकाळी लिहिले, "सदर मॅक्रोनी सर्वस्वी अग्राह्य असून प्रयोग पुढील रविवारी पुन्हा करण्यात यावा." खाली स्वच्छ अक्षरांत सही केली आणि पत्र स्वतः नेऊन दिले.

त्याची प्रत तेवढी फाइलला लावली नाही.