मी न जगवलेला पानओवा

हा अनुभव लिहावा की नाही, या विचारात माझी बरीच वर्षं गेली. असे अनुभव सांगणाऱ्यांची श्रद्धा मोठी असते, असा आपला समज. माझी तेव्हा नावापुरतीच होती. मी रसायनशास्त्र शिकलेली, अमेरिकेत एडिसनजवळ एका औषधांच्या कंपनीत प्रयोगशाळेत नोकरी करणारी. घरात देवघर होतं ते स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या एका फळीवर, आणि तेही सासूबाई आल्या म्हणून मांडलेलं. अशा माझ्यावर कृपा झाली, यात मला शंका नाही. पण त्या कृपेवर मी माझं नाव लावलं, आणि म्हणून हे लिहिताना आनंदापेक्षा खंतच जास्त वाटते.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. सासरे गेल्यानंतर सासूबाई, म्हणजे मी ज्यांना आईच म्हणायचे त्या, चिपळूणजवळच्या गावाहून आमच्याकडे राहायला आल्या. विमानतळावर कस्टमवाल्याने त्यांची लोणच्याची बरणी काढून घेतली, पण कमरेला खोचलेल्या ओल्या फडक्यातली पानओव्याची कांडी काही त्याला सापडली नाही. ती कांडी आईंनी कॉफीच्या रिकाम्या डब्यात लावली आणि डबा खिडकीत ठेवला. रोज सकाळी दत्ताच्या आंघोळीचं पाणी त्यात घालायच्या. पान तोडण्याआधी रोपाला हात जोडायच्या, पहिलं पान दत्तापुढे ठेवायचं आणि मगच बाकीची घ्यायची. दोन महिन्यांत ते जाड, लवदार पानांचं रोप डब्याबाहेर ओसंडलं. माझ्या सात वर्षांच्या निखिलला खोकला झाला की आई पान तव्यावर गरम करून त्याचा रस मधातून चाटवायच्या, आणि एरवी त्याच पानांची भजी. मी आणलेलं कफ सिरप हा मुलगा थुंकून द्यायचा, आणि आजीपुढे मात्र चमचा चाटून "आजी, वन मोअर!" म्हणायचा. मला त्या डब्याचा राग यायचा. डब्याचा कसला, मला आईंचाच हेवा वाटायचा.

ऑक्टोबरमध्ये माझ्या ऑफिसातले लोक जेवायला येणार होते. घरात ओव्याचा वास आणि खिडकीत गंजलेला डबा नको, म्हणून मी तो मागच्या अंगणात नेऊन ठेवला. त्या दिवशी पहिलं दव गोठणार, असं रेडिओवर सकाळपासून सांगत होते. पाहुणे गेल्यावर भांडी घासताना मला डब्याची आठवण झाली. झाली, हे मुद्दाम लिहिते. मागचं दार चार पावलांवर होतं. मनात म्हटलं, असू दे, एका रात्रीनं काय होतंय. सकाळी सगळी पानं उकडल्यासारखी काळी पडून लोंबत होती. आई दत्ताचं पाणी घेऊन दारात उभ्या राहिल्या आणि मलाच म्हणाल्या, "थंडीनं गेलं गं. तू तरी काय करणार!"

वरचं सगळं कापून त्यांनी बोटभर खोड ठेवलं. त्यात जीव असेल, तळघरात घर तापवणाऱ्या भट्टीच्या उबेला ठेव आणि थोडं थोडं पाणी घाल, म्हणजे फुटेल, असं मला सांगितलं. त्यांचे गुडघे दुखायचे, तळघराचा जिना त्यांना जमत नसे. मी आठवडाभर पाणी घातलं. खोड कुजायला लागलं तसं कचऱ्याच्या दिवशी डब्यासकट टाकून दिलं. हे आईंना तेव्हाच सांगायला हवं होतं. पण त्या रोज विचारायच्या, "फुटलं का?" आणि मी रोज म्हणायचे, "अजून नाही." त्या रोज सकाळी दत्ताचं पाणी वाटीत घालून माझ्या हातात द्यायच्या आणि मी ते खाली नेऊन मोरीत ओतायचे. थंडी संपेपर्यंत विसरतील, असा माझा हिशेब.

जानेवारीत आईंना न्यूमोनिया झाला. औषधांनी ताप उतरला, छाती मोकळी झाली, पण त्यांनी अन्न टाकलं. हॉस्पिटलचं सूप नको, मी नेलेला मऊ भात नको, निखिलने हट्ट केला तरी नको. तोंडाला चव नाही, एवढंच म्हणायच्या आणि भिंतीकडे कूस वळवायच्या. पाचव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, आजार बरा होतोय, पण अशाच उपाशी राहिल्या तर अंगात काही उरणार नाही. परवापासून नाकातून नळी घालावी लागेल. मी बाहेरच्या बाकावर बसून रडले. त्यांना काय गोड लागेल, हे मला पक्कं माहीत होतं, आणि ते मीच मारलं होतं. बऱ्याच वर्षांनी मी मनापासून हात जोडले. दत्तमहाराज, माझं चुकलं, पण त्यांना उपाशी नेऊ नका, एवढंच म्हणाले.

डोळे पुसून खोलीत आले, तर ओव्याचा वास. मला वाटलं भास होतोय. आईंच्या शेजारी, पडद्यापलीकडे एक म्हातारी बाई होती, पोर्तो रिकोची. तिची मुलगी कार्मेन तिच्यासाठी घरून डब्यात घेवड्याचं कालवण घेऊन आली होती. मी न विचारता पडदा सारला. कालवणात चिरलेली जाड पानं तरंगत होती. हे काय आहे, विचारल्यावर कार्मेन म्हणाली, "ओरेगानो. फॉर बीन्स, फॉर कफ, फॉर एव्हरीथिंग. माय मदर ग्रोज इट इन द किचन." नाव वेगळं, पण पान आमच्या पानओव्याचंच. मी तिला आईंबद्दल सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ओल्या कागदात गुंडाळलेली ओंजळभर पानं आणि लावायला दोन कांड्या तिने माझ्या हातात ठेवल्या.

मी घरी जाऊन पानं वाटली, ताकात कालवली, वर तुपाजिऱ्याची फोडणी दिली आणि मऊ भाताबरोबर घेऊन आले. वासानंच आई वळल्या. आधी डोळे मिटून दत्ताला नैवेद्य दाखवला आणि मग खाल्लं. एक घास, दुसरा, मग वाटी पुसून. पडद्याआडून कार्मेन बघत होती, तिनं टाळी वाजवली. आई माझा हात धरून म्हणाल्या, "फुटलं ना अखेर? मला ठाऊक होतं. तू जगवलंस हो!"

आणि मी म्हणाले, "हो, आई."

एवढ्यावर थांबलं असतं तरी बरं. त्यांनी पडद्याकडे बोट केलं. "त्या बाईलाही दे गं दोन पानं. बिचारी केवढी खोकते." मी उरलेल्या पानांतली दोन उचलली आणि कार्मेनच्या आईला, तिच्याच रोपाची पानं, आमच्या घरची म्हणून दिली. कार्मेनला आमची भाषा कळली नाही. म्हातारीसाठी तिनेच मोठ्या आदराने ती पानं घेतली, आईंना वाकून थँक यू म्हटलं. मला मान वर करवेना.

नळी लागली नाही. एप्रिलपर्यंत आई हिंडूफिरू लागल्या आणि मायदेशी परतल्या. विमानतळावर सांगायचं ठरवलं होतं, पण त्या निखिलला कुरवाळत होत्या, तो क्षण मोडवला नाही. नंतर तीनदा पत्र लिहायला घेतलं आणि फाडलं. तिकडून नणंदेची पत्रं यायची, की आई सगळ्या गावाला सांगतात, माझ्या सुनेनं बर्फात पानओवा जगवला, दत्ताची सेवा फळली. दुसऱ्या पावसाळ्यात झोपेतच त्या गेल्या. मी सगळं ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "आईला सांगायला हवं होतंस. ती हसली असती."

तेच मला सर्वांत जास्त लागलं. खरंच हसल्या असत्या, आणि पडदा सारून कार्मेनच्या आईचे हात हातात घेतले असते. दोन म्हाताऱ्या बायकांची ती भेट मी होऊ दिली नाही. कार्मेनचा पत्ताही घ्यायचं मला सुचलं नव्हतं. शरण जाणं म्हणजे संकटात हात जोडणं, असं मी समजत होते. ते कोणालाही जमतं. मागितलेलं हातात आल्यावर ‘हे माझं नाही’ म्हणायला मात्र माझी जीभ उचलली नाही. तरीही दत्ताने दिलेलं काढून घेतलं नाही, याचं मला आजही नवल वाटतं. त्या दोन कांड्यांचं रोप अजून आमच्याकडे आहे. पान तोडताना मी हात जोडते, पहिलं पान देवापुढे ठेवते, आणि त्या वेळी सांगायचं राहून गेलेलं रोज सांगते. आई, ते मी जगवलं नव्हतं. ते आलं होतं.