मधली तुळई

काष्टीच्या शाळेत मी मास्तर होतो, तेव्हा जगातली मोठी लढाई माझ्यावाचून अडलेली होती. निदान मला तसं वाटायचं. वय चोवीस, लग्न व्हायचं होतं, आणि डोक्यात सगळा युरोप.

दौंडकडून येणाऱ्या दुपारच्या गाडीनं पुण्याचा पेपर यायचा, एक दिवस शिळा होऊन. शाळा सुटली की तो घेऊन मी मारुतीच्या पारावर जायचो. देवळाच्या भिंतीला शाळेतला नकाशा टांगायचा. लढाईपायी बाजारात टाचण्या मिळेनाशा झाल्या होत्या, म्हणून मी बाभळीचे काटे वापरत असे. दोस्त राष्ट्रांच्या काट्यांच्या बुडाला कुंकू आणि जर्मनांच्या बुडाला दिव्याची काजळी. समोर दहाबारा शेतकरी मांडी घालून बसायचे, तंबाखू मळायचे. त्यांत एक मिशीवाले बागायतदार होते. ते रोज विचारायचे, "आज कुठवर सरकलं, गुर्जी?" मी काटा उपटून अर्धं बोट पुढं टोचायचो. मग सेनापतींनी काय करायला हवं होतं ते तावातावानं सांगायचो. तापलेल्या दगडाचा आणि चुना-तंबाखूचा तो वास अजून आठवला की जीव तिकडं ओढ घेतो. इतक्या भक्तीनं माझं पुढं आयुष्यात कुणीही ऐकलेलं नाही.

गावातल्या एका विधवा बाईंचा एकुलता एक मुलगा त्या लढाईत होता. पन्नाशीच्या होत्या, मी त्यांना मावशी म्हणायचो. गावाच्या कडेला त्यांचं दोन खणांचं, सपाट मातीच्या छताचं, माळवदाचं घर होतं. त्यांना वाचता येत नसे, म्हणून मुलाचं पत्र आलं की ते पदराच्या टोकात गुंडाळून त्या पारावर यायच्या आणि बाईमाणसानं बसावं तशा जरा लांब, पायरीवर बसायच्या.

त्या फाल्गुनात असंच एक पत्र आलं. पोराची चौथी झालेली. अर्धं मोडीत, अर्धं बाळबोध, शब्दाला शब्द चिकटलेला, आणि मधल्या दोन ओळींवर सरकारी काळी शाई फासलेली. माझं लक्ष त्या काळ्या ओळींवरच. यात गावाचं नाव असणार! मी कागद उन्हात धरला, उलटा करून पाहिला. पुढं मजकुरात थंडी, डोंगर आणि द्राक्षाचे वेल दिसले. मी ओरडलोच, "इटली! आपला पोरगा इटलीत आहे!" आणि सगळ्यांदेखत कुंकवाचा एक नवा काटा नकाशात टोचला. लोक खूश. मावशी पायरीवरून म्हणाल्या, "आनि काय म्हनतोय?"

"सुखरूप आहे. सगळ्यांना नमस्कार सांगितलाय," मी म्हटलं, आणि पत्र त्यांच्या हातात दिलं.

दुसरं पत्र लवकर आलं नाही. तेव्हा चैत्रात त्या तेच पत्र पुन्हा वाचून घ्यायला आल्या. मी पेपर वाचत होतो. त्यांना पाहून, खरं सांगायचं तर, माझ्या कपाळाला आठी पडली. डोंगर आणि वेल तेवढे पुन्हा वाचून दाखवले आणि त्यांची बोळवण केली.

तिसऱ्यांदा त्या आल्या तेव्हा ज्येष्ठ लागला होता, मृग चारपाच दिवसांवर. दुपारची गाडी अजून आली नव्हती आणि हातात पेपर नसल्यामुळे मी रिकामाच होतो. म्हटलं, आणा. केवळ वेळ जावा म्हणून मी पहिल्यांदाच ते पत्र 'तीर्थरूप मातोश्रीस बालकाचा साष्टांग नमस्कार' पासून सरळ वाचायला घेतलं. चौथ्याच ओळीला माझी जीभ अडखळली.

"घराची मधली तुळई वाळवीनं आतून खाल्ली आहे. वरून कळत नाही. येताना मी सुरी खुपसून पाहिली, ती मुठीपर्यंत गेली, पण गाडीच्या घाईत तुला सांगायचं राहिलं. ती बदलल्याशिवाय औंदा माळवदावर माती टाकू नको. तू तिच्याखालीच झोपतीस."

आमच्याकडं दर उन्हाळ्यात, मृगाच्या आत, माळवदावर पांढऱ्या मातीचा नवा थर टाकतात, म्हणजे घर गळत नाही. शेजारपाजारचे मिळून एकमेकांची घरं उरकतात. मावशींच्या घरावर परवाच टोपल्यांवर टोपल्या माती पडली होती. मी स्वतः शाळेच्या खिडकीतून पाहिली होती.

मावशी माझ्याकडं बघत राहिल्या. "ह्ये तुमी मागं वाचलं न्हाई."

"नाही."

"दोनी बारीला न्हाई?"

"नाही वाचलं, मावशी." धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला त्या दिवशी खरोखरच वाटलं.

त्या रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्या म्हणाल्या, "मंग आनखी काय काय ऱ्हायलंय, त्ये समदं वाचा."

मी वाचलं. शेळी व्याली का, विचारलं होतं. दाढ दुखत होती ती काढली होती. आणि शेवटी लिहिलं होतं, इथं पोटभर मिळतं, पण तुझ्या हातच्या हुलग्याच्या शेंगोळ्यांची लई आठवण येते. मावशींनी पदर तोंडाला लावला. तीन महिने हे सगळं त्यांच्या पदराच्या गाठीला होतं आणि त्यांना मिळालं नव्हतं.

तेवढ्यात स्टेशनवरून पेपर आला आणि मंडळी जमू लागली. मी उभा राहिलो आणि म्हटलं, "आज वाचन नाही. फावडी घेऊन मावशींच्या घरी चला." सगळं सांगितलं, स्वतःची चूकही. मिशीवाले म्हणाले, "गुर्जी, आदी बातमी तर सांगा, रोम पडलं का न्हाई? घर काय पळून जातंय व्हय?" त्यांना काय बोलणार? ही खोड मीच लावली होती. मी चिडून म्हटलं, "रोम तुमच्या टेकूवाचून पडायचं राहत नाही. हे घर मात्र तुमच्या टेकूनं राहील." आणि तरातरा चालायला लागलो. मागं कुणी येतंय का, हे वळून बघायचा धीर झाला नाही. गल्लीच्या वळणावर पायताणांचा आवाज ऐकू आला तेव्हा जीव भांड्यात पडला.

आत जाऊन पाहिलं तर मधल्या तुळईला बोटभर भेग, आणि बरोबर खाली मावशींची वाकळ अंथरलेली. सुतारानं आधी दोन टेकू दिले. मग आम्ही वर चढून, भिंतीच्या कडेकडेनं बसत, माती खाली उपसू लागलो. मी आयुष्यात फावडं धरलं नव्हतं. घटकेत हाताला फोड आले. आतली पिठामिठाची गाडगी झाकायला काही सापडेना, तेव्हा कुणीतरी मी दारात ठेवलेला, न उघडलेला पेपर उचलून त्यांच्यावर पसरला. त्या दिवशी जगात काय झालं ते मला कधीच कळलं नाही. जुनी तुळई काढली तेव्हा ती मधोमध मोडली आणि आतून भुसा सांडला. मिशीवाल्यांनी बैलगाडी जुंपली आणि स्वतःच्या गोठ्यासाठी जपून ठेवलेलं कडुलिंबाचं वाळलेलं खोड आणून टाकलं. पुढचे तीन दिवस सुतारकाम आणि नवी माती. मृगाच्या आदल्या दिवशी घर झाकलं.

मग मावशींनी पत्र सांगितलं आणि मी लिहिलं. माझ्या चुकीबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. "तुळई बदलली, लिंबाची हाय, गुर्जींनी उभं ऱ्हाऊन करून घेतली," एवढंच. मी थांबलो, तर म्हणाल्या, "ल्ह्या की."

पारावरचं वाचन पुढं चालू राहिलं, पण आधी गावातली पत्रं, पहिल्या ओळीपासून शेवटच्यापर्यंत, आणि मग पेपर. काटे मात्र पुढं सरकवायचे राहूनच गेले.

लढाई संपल्यावर वर्षाच्या आत पोरगा घरी आला. मावशींनी मला जेवायला बोलावलं, शेंगोळ्या केल्या होत्या. माझ्या सोवळंओवळं पाळणाऱ्या आईला कळलं असतं तर तिनं मला आंघोळ घातली असती. पण मी गेलो. जाताना नकाशाची गुंडाळी बगलेत होतीच. जित्याजागत्या साक्षीदाराकडून इटली समजून घ्यायची होती. त्यानं नकाशा मांडीवर पसरून बराच वेळ पाहिला आणि हसून परत दिला. "मला काय गावत न्हाई ह्यात, गुर्जी."

मग त्यानं वर बघितलं. उठला, हात उंचावून तुळईवर थापटी मारली.

"तिकडं गोळं पडायचं, पर त्येची सवय झाल्ती. मला आपली हिचीच काळजी. आई खाली निजली आसंल, आनि माती पडली आसंल. डोळ्याला डोळा लागायचा न्हाई. तुमचं पत्र आलं आनि त्या दिसापून मी झोपलो, गुर्जी."

मावशी चुलीपाशी पाठमोऱ्या होत्या. त्यांनी वळून पाहिलं नाही. मी ताटात बघत जेवत राहिलो.