क्लिप सैल नव्हती

ही गोष्ट सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. अमेरिकेत टेलिफोनची तार जिथवर गेली होती, तिथवर माझा नागपूरकर सहकारी इंटरनेट नेऊ शकत असे, असं मी आजही छातीठोकपणे सांगेन. वायफायच्या आधीचे ते दिवस. लॅपटॉप फोनच्या तारेला जोडायचा, नंबर लावायचा आणि मोडेमची किंकाळी ऐकत बसायचं. आम्ही पार्सिपनीच्या ऑफिसातून गावोगावच्या क्लायंटकडे जायचो. त्याच्या बॅगेत शर्ट दोन आणि तारा सात. मोटेलच्या खोलीत शिरला की बूट न काढता थेट पलंगाखाली, सॉकेट शोधायला. सॉकेट निकामी असेल तर भिंतीतल्या उघड्या तारांना क्लिपा लावायचा. किंकाळी सुरू झाली की डोळे मिटून हात वर करायचा. मी श्वासही बेतानं घ्यायचो. "अठ्ठावीस मिळाला दादा. लाइनीत ओल आहे बाप्पा!" आणि स्क्रीनवर वेगाचा आकडा अठ्ठावीसच उमटायचा. डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या एका मिठाईवाल्याचा फोन काढून त्यानं तिथूनही ईमेल पाठवली होती. मालक बघत राहिला, जिलब्या करपल्या.

प्लेनोच्या मोटेलात त्या दुपारी पाचच्या आत मोठी फाइल पाठवायची होती. तारांना क्लिपा लावून पलंगाजवळच्या फोनवर त्यानं चिठ्ठी चिकटवली, 'हात लावू नये'. बाथरूममध्येही त्याच लाइनीवरचा फोन आहे, हे त्यानं पाहिलं नव्हतं. मी पाहिलं होतं. प्रवासातून पोचलो की घरी दोन रिंग देऊन फोन ठेवायचा, हा आमचा नवराबायकोचा रिवाज. ती वाट बघत असेल, म्हणून मी सवयीनं रिसीव्हर उचलला. कानात किंकाळी आली. हळूच ठेवून दिला, पण तेवढ्यात जोडणी तुटली होती.

बाहेर आलो तर तो क्लिप हातात घेऊन बसलेला. "सैल बसली वाटते दादा. माझीच चूक."

मी म्हणालो, "असेल बुवा."

फाइल पाच वाजून गेल्यावर पोचली. काम हातचं गेलं. साहेबांसमोरही त्यानं क्लिपचंच सांगितलं, मी शेजारी उभा होतो. महिन्याभरात त्याची नोकरी गेली, तिच्यासोबत व्हिसाही, आणि त्याला नागपूरला परतावं लागलं.

आमचं शेवटचं बोलणं व्हिडिओ कॉलवर झालं. केस पांढरे, हसू तेच. "सगळं जमलं दादा, पण ती एक क्लिप सैल कशी बसली, अजून कळलं नाही."

मी तोंड उघडलं.

"दादा? आवाज येत नाही तुमचा. लाइन गेली का?"

लाइन उत्तम होती. आता त्या नंबरवर त्याची मुलगी बोलते.