लांब-आखूड तणावे

"काका, हा झेंड्याचा खांब आहे," आमचे साहेब म्हणाले. "अँटेना म्हणून तुमच्या गळ्यात कुणी मारला?"

टेबलावर अॅल्युमिनियमचे आठ पाइप होते, एकात एक बसणारे. शेजारी नारळाएवढं एक जड धातूचं डोकं आणि हिरव्या कॅनव्हासची पिशवी. समोर बसलेले गुरव काका चहाला हातही लावत नव्हते.

"बबनरावांच्या भंगाराच्या यार्डातून घेतला. लष्कराच्या लिलावातला माल आहे," ते म्हणाले. "शॉर्टवेव्हचा आहे एवढं नक्की. पण गावात उभा केला तर मेल्यासारखा. काही ऐकू येईना, काही जाईना."

मी भोसरी एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीत टेस्ट इंजिनीअर आहे. आम्ही वायरलेसचे अँटेना बनवतो. गुरव काका चाकणच्या एका कारखान्यातून रिटायर झालेले, राहायला दिघीला. हॅम रेडिओ, म्हणजे हौशी वायरलेसचा सरकारी परवाना त्यांच्याकडे आहे. त्यांचं मूळ गाव घाटाच्या कुशीतल्या एका खोल खोऱ्यात. पावसाळ्यात तिथली वीज गेली की मोबाइलचा टॉवरही बंद पडतो. गेल्या वर्षी एका बाळंतिणीसाठी गाडी बोलवायला माणूस घाट चढून वर आला होता. बाई वाचली, पण गाडी पोचायला चार तास लागले.

तेव्हापासून ते तालुक्याच्या कचेरीच्या मागे लागले होते की गावच्या शाळेत वायरलेस सेट ठेवा. त्यांना तात्या म्हणणारा पुतण्या सुनील गावातच राहतो, त्यानेही परीक्षा देऊन परवाना काढला होता. कचेरीने अखेर मानलं, पण अट घातली. शनिवारी त्यांचा अधिकारी गावात येणार. त्याच्यासमोर सेट बोलला तर तो पावसाळाभर शाळेत राहील. नाही बोलला तर सेट दुसऱ्या गावाला. त्या दिवशी बुधवार होता.

"नवा बनवून द्यायला मला दोन आठवडे लागतील," साहेब म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "वर्षा, बघ जरा. उद्या संध्याकाळपर्यंत काही निघालं तर ठीक. नाहीतर काकांना त्यावर झेंडा तरी लावता येईल."

काका हसले नाहीत.

कुठल्याही अनोळखी वस्तूवर मी आधी मल्टिमीटर लावते. विजेला कुठून कुठे वाट आहे हे तो शिटी मारून सांगतो. पाइप बाहेरून साधे दिसत होते. आत टॉर्च मारला तेव्हा मध्यभागी आणखी एक बारीक नळी दिसली. बाहेरच्या पाइपला ती कुठेच टेकत नव्हती, मध्ये पांढऱ्या प्लॅस्टिकच्या चकत्या होत्या. म्हणजे हा खांब नव्हताच. ही एक जाडजूड केबल होती. टीव्हीच्या काळ्या केबलमध्ये जशी मधे एक तार आणि भोवती जाळी असते, तशीच, फक्त ताठ उभी राहणारी.

मी काकांना दाखवलं. "काका, केबल बोलत नाही. ती फक्त पोचवते. हा खांब सिग्नल वरपर्यंत नेऊन सोडतो, आणि वर काहीच नाही."

"वर हे डोकं आहे की."

डोक्याला चार बाजूंना चार पितळी कड्या होत्या. काकांनी त्यांना हार्डवेअरच्या दुकानातली नायलॉनची दोरी बांधून खांब ताणला होता. कुणीही तेच केलं असतं. मी मीटर लावला. दोन कड्या आतल्या नळीशी जोडलेल्या निघाल्या, दोन बाहेरच्या पाइपशी. दोरी बांधायच्या कडीला कुणी एवढी मेहनत करून वीज पोचवत नाही.

आता पिशवी उलटी केली. झाकणाच्या आत शिवलेल्या कापडावर एक चित्र होतं. अक्षरं पार पुसलेली, रेषा राहिल्या होत्या. मध्ये एक ठिपका, त्यातून चार दिशांना चार रेषा. दोन लांब, दोन आखूड.

साहेब वाकून बघून गेले. "चित्र काढणाऱ्याचा हात हलला असेल."

मलाही क्षणभर तसंच वाटलं. इंजिनीअरिंगच्या पुस्तकांत हा अँटेना मी कधी पाहिला नव्हता. पण आमच्या अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जिंतूरला तीस वर्षं लग्नाचे मंडप ठोकले आहेत. मंडप ताणून धरणाऱ्या दोऱ्यांना ते तणावे म्हणतात. त्याच मजुरीवर त्यांनी मला शिकवलं. जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना फोन लावला.

"काय करायलीस माय? जेवलीस का?"

"जेवते. अण्णा, एका खांबाला चार तणावे, त्यातले समोरासमोरचे दोन लांब आणि दोन आखूड, असं कधी करतात का?"

"कामून करतील? चारी सारखेच लागतेत. लांब-आखूड केले तर एकीकडची जागा वाया, अन् वारं आलं की खांब कलते."

"पण एका चित्रात तसे मुद्दाम काढलेत."

"मुद्दाम काढले असतील तर मग ते खांब धरायला नसतील. त्यांचं काम दुसरं असंल. खांबच त्यांना धरायला असंल बघ."

मी डबा तसाच झाकला.

अँटेनाची लांबी लहरीच्या लांबीवर ठरते. लांब जोडी खालच्या फ्रिक्वेन्सीसाठी, आखूड जोडी वरच्या. दोऱ्या म्हणून ज्या लावायच्या, त्याच तारा म्हणजे अँटेना. खांब नुसता त्यांना उचलून धरायला आणि सिग्नल वर न्यायला. चारही तारा डोक्यापासून जमिनीकडे उतरत्या, तंबूसारख्या.

अशा अँटेनाची लहर आडवी फारशी जात नाही, सरळ वर जाते. आकाशात खूप उंचावर विजेने भारलेला एक थर आहे, तो ती खाली परतवतो. नळीचं तोंड छताकडे धरलं तर पाणी छताला आपटून खोलीभर पडतं, तसं. मग मध्ये डोंगर असला तरी काय बिघडतं? खोऱ्यातल्या गावासाठी याहून योग्य अँटेना मला बनवता आला नसता.

फक्त त्या चार तारा आमच्याकडे नव्हत्या.

काकांच्या स्कूटरवर बसून आम्ही यार्डात गेलो. बबनराव भोसरीच्या जुन्या घराण्यातले, अंगाने आडवे, बोलायला मोकळे.

"तारा? व्हत्या की," ते म्हणाले. "आमी येगळ्या केल्या. तांबं येगळं, अल्युमिन येगळं. भंगाराचं पहिलं काम त्येच हाय, ताई."

"अहो, मग मला काय विकलंत?" काका म्हणाले.

"तुमी खांब मागितला, आमी खांब दिला. तारांचं तुमी इचारलं व्हतं का?"

मी विचारलं, "तांबं अजून आहे ना इथे?"

"हाय, पर आज टेम्पोत भरायचंय. संध्याकाळी भट्टीवर जातंय." बबनराव उठले आणि टेम्पोवाल्याला ओरडून थांबवलं. "काकाच्या गावाचं काम हाय म्हनून. न्हाईतर तांब्याच्या ढिगात कुणाला शिरू देत न्हाई मी."

तास गेला. मोटारीची वाइंडिंग, गाड्यांच्या वायरींचे जुडगे, जळक्या केबली उपसत बसलो. पहिली तार काकांना सापडली. हिरव्या आवरणाची, एका टोकाला पितळी पिन, दुसऱ्या टोकाला वीज अडवणारा पांढरा इन्सुलेटर आणि पुढे दोरीचा तुकडा. पिन डोक्याच्या कडीत टक्कन बसली. दुसरी तिच्याच खाली होती. तिसरी एका पिंपात. चौथीचं आवरण सोलून झालं होतं आणि दोन्ही टोकं कापली होती. बबनरावांनीच ती ओळखली, "ही बी त्यातलीच, इणकाम बगा."

दोन आखूड सारख्या होत्या. एकच लांब पूर्ण होती. सोललेली तिच्यापेक्षा दोन हात कमी भरली. कंपनीत येऊन मी तिला तांब्याची जोड देऊन दुसऱ्या लांब तारेएवढी केली, नवी पिन बसवली, टोकाला इन्सुलेटर लावला. शुक्रवारी सकाळी मागच्या मोकळ्या जागेत अँटेना उभा केला. काका, मी आणि वीस मिनिटं. ट्यूनर, म्हणजे रेडिओ आणि अँटेनाचं जमवून देणारी पेटी, लगेच शांत झाली, म्हणजे जमलं. साहेब हात मागे बांधून बघत होते.

"वर्षा, हा तर मंडप झाला," ते म्हणाले.

"हो सर."

सुनील येऊन, जोडणी बघून शुक्रवारीच अँटेना गावाला घेऊन गेला. शनिवारी अकरा वाजता काका आमच्या कंपनीच्या सेटसमोर बसले. आमच्या गच्चीवर साधी, बुटकी तार ताणलेली होती. काकांनी सुनीलला हाक दिली आणि बटण सोडलं. नुसती खरखर. पुन्हा हाक. पुन्हा खरखर. साहेब खुर्ची ओढून जवळ बसले. मी फ्रिक्वेन्सीचा आकडा पाहिला. काकांनी गडबडीत ठरल्यापेक्षा पाच किलोहर्ट्झ वर लावला होता. मी हात पुढे करून तो खाली आणला.

"...तात्या, ऐकू येतंय का? तात्या, मी सुनील. कधीचा बोलतोय."

आवाज इतका स्वच्छ होता की मागे कोंबडा आरवलेलाही ऐकू आला. काका बटण दाबायचंच विसरले. साहेबांनी त्यांचा हात धरून बटणावर ठेवला.

"कचेरीचे साहेब इथं शेजारीच उभे आहेत," सुनील म्हणाला. "ते म्हणतायत, तात्या खरंच भोसरीत आहेत की डोंगरामागे लपलेत?"

"त्यांना सांग, येऊन बघा म्हणावं," काका म्हणाले. "चहा ठेवतो."

तिकडून हसणं ऐकू आलं. एकाचं नाही, दहा-बारा जणांचं. अख्खी शाळा भरली असावी. मग सुनील पुन्हा आला. "साहेब म्हणतायत, सेट इथंच राहील. सही केली त्यांनी. तात्या, ऐकलंत ना?"

काकांनी ऐकलं होतं, पण ते वहीत वेळ टिपत होते. "ऐकलं," असं मीच सांगितलं असतं, पण माझ्याकडे परवाना नाही. शेवटी काकांनी बटण दाबलं, "ऐकलं," म्हणाले आणि नियमाप्रमाणे स्टेशनचं नाव सांगून संभाषण बंद केलं.

तो सेट अजून त्या शाळेत आहे. पावसाळ्यात दोनदा त्यावरून गाडी मागवली गेली आणि दोन्ही वेळा ती वेळेत पोचली.

मी त्यातून शिकले ते अगदी साधं आहे. आमच्या जॉब कार्डवर "सोबत काय आलं" असा रकाना पूर्वीपासून होता. साहेबांना विचारून त्याखाली मी एक छापून घेतला: "सोबत काय आलं नाही." तो भरल्याशिवाय मी आता माल ताब्यात घेत नाही. गिऱ्हाईक वैतागतं. वैतागू दे.