आतोबांची पिलं

आमच्या आतोबांइतका चिवट आशावादी माणूस सोलापूर जिल्ह्यात दुसरा झाला नाही, आणि शेजारच्या जिल्ह्यात झालाच असेल तर तो मासे पाळत नसणार. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. कोर्टात नाझर, म्हणजे जप्त्या करणारे अंमलदार. चातुर्मासात कांद्याचा वासही न घेणारा हा माणूस घरात विलायती मासे पाळायचा, आणि त्या माशांची पिलं जगावीत एवढं एकच मागणं देवाकडे मागायचा. मी तेव्हा मुलींच्या शाळेत शिकवत होते आणि त्यांच्याकडेच राहत होते, त्यामुळे यातलं बरंचसं माझ्या डोळ्यांदेखत घडलेलं आहे.

गिरणीतला एक गोरा साहेब मायदेशी निघाला तेव्हा त्याच्या सामानाचा लिलाव झाला. शहाण्या लोकांनी खुर्च्या, आरसे, चिनी मातीच्या बश्या घेतल्या. आतोबा टांग्यातून काचेची पेटी मांडीवर घेऊन आले. घोडा सबंध रस्ताभर पावलापावलानं चालवायला लावला होता, तरी त्यांचं धोतर कमरेपर्यंत भिजलं होतं. पेटीत रुपेरी अंगाचे, काळ्या पट्ट्यांचे, लांब परांचे दोन मासे. "यांना एंजल म्हणतात. म्हणजे देवदूत," आतोबा म्हणाले. "देवदूत असोत नाहीतर यमदूत, माझ्या माजघरात यायचे नाहीत," आत्या म्हणाली. पेटी ओसरीवर राहिली. नाझरांच्या घरी मासे आणले एवढीच बातमी गल्लीत पसरली, कशासाठी ते कुणी विचारलं नाही. श्रावणीला आलेले भटजी बराच वेळ स्वयंपाकघराकडे नाक करून बसले होते आणि फराळाला मात्र नको म्हणाले.

त्या दिवसापासून ओसरीवर वहाणा वाजवायची बंदी झाली, खलबत्ता परसात गेला, आणि थंडीत पाणी कोमट राहावं म्हणून घरातला एकुलता एक चांगला कंदील पेटीच्या तिवईखाली जाऊन बसला. आम्ही चिमणीच्या उजेडात जेवायचो. पण खरा तंटा पाण्याचा. या माशांना दोन-तीन दिवस निवळत ठेवलेलं पाणी लागतं, आणि आत्याच्या घरात सकाळी शिळं पाणी ओतून भांडी घासल्याशिवाय दिवस सुरू होत नसे. आतोबा रांजण भरून ठेवायचे, आत्या तो तुळशीपाशी रिकामा करायची. शेवटी आतोबांनी जप्तीच्या मालाला लावतात तशी रांजणाच्या झाकणावर लाखेची मोहोर लावली. आयुष्यभर लोकांची भांडीकुंडी जप्त केलेल्या माणसानं स्वतःच्या बायकोचा रांजण जप्त केला, असं आत्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. सांगताना तिचा पदर तोंडावर असायचा, हसू लपवायला.

मादी पाणवनस्पतीच्या पानावर अंडी घालायची आणि दोघं मिळून ती खाऊन टाकायची. आतोबांना त्यांचा राग येत नसे. "परक्या मुलखात पोरं वाढवायची म्हणजे धीर सुटतो हो," म्हणायचे. मग ते पानच अलगद काढून आत्याच्या लोणच्याच्या काचेच्या बरणीत ठेवू लागले. पिलं निघायची, डोळ्यांना जेमतेम दिसायची. त्यांना खायला पाण्यातले दिसतही नाहीत असे जीव लागतात, म्हणून आतोबा परसात कोबीची पानं कुजत घालायचे. त्या वासानं पलीकडच्या घरात दोन भावांची वाटणी लवकर झाली, असं म्हणतात. एवढं करून पिलं मरायची. आठवडाभर पोहायची आणि एका सकाळी बरणीच्या तळाशी असायची. कोर्टात पक्षकारसुद्धा आधी पिलांची चौकशी करायचे. वैरागचा एक म्हातारा शेतकरी म्हणाला होता, "लई नाजूक जात म्हनायची की ही. आमच्या कोंबडीला काय बी घाला, जगतीया." आतोबांनी गंभीरपणे विचारलं, "काय घालता?"

एकदा मात्र पिलं चांगली पंधरवडाभर टिकली. आतोबा रस्त्यातून चालताना गुणगुणू लागले. तेवढ्यात एकादशी आली. एरवी गल्लीतल्या बायका माशांना कणकेच्या गोळ्या घालायला तळ्यावर जायच्या. घरातच मासे असताना पुण्यासाठी एवढी पायपीट कशाला, असा विचार करून त्या आमच्याकडे आल्या आणि मोठ्या भक्तिभावानं मूठमूठ गोळ्या बरणीतही सोडून गेल्या. संध्याकाळपर्यंत पाणी दुधासारखं झालं. एक पिलू उरलं नाही. त्यातल्या एका काकू रडायला लागल्या तेव्हा आतोबा म्हणाले, "तुम्ही घातलंत ते खायलाच ना? मग?" नंतर ती बरणी मांडीवर घेऊन ते पायरीवर बसून राहिले. मला त्या माणसाचा फार अभिमान वाटला आणि फार वाईटही वाटलं.

पुढच्या खेपेला अंडी फुटली आणि आतोबांना विषमज्वर झाला. डॉक्टरांनी उठायची मनाई केली. अंगात ताप आणि तोंडात बरणीचं नाव. तेव्हा आत्यानं पदर खोचला. तिनं बरणी ओसरीवरून उचलली, माजघरात देवघराशेजारी ठेवली आणि गल्लीला बजावलं, "हे सोवळ्यात आहे. कुणी शिवायचं नाही." झालं. ज्या बायका आतोबांच्या विनवण्यांनी आवरत नव्हत्या, त्या उंबऱ्याबाहेरून नमस्कार करून जाऊ लागल्या. आत्या आंघोळ करून, सोवळं नेसून, कुजक्या कोबीचं ते घाणेरडं पाणी संध्येच्या पळीनं थेंबथेंब बरणीत सोडायची. दुसऱ्या हाताचं बोट नाकावर असायचं.

आतोबा खोलीतून विचारायचे, "आहेत का गं?"

"आहेत की."

पुढे पुढे त्यांनी विचारणं सोडलं. मला एकदा हळूच म्हणाले, "ती माझं मन राखते आहे. विचारलं की तिला खोटं बोलावं लागतं." ताप उतरला, काठी धरून चालू लागले, तरी माजघराकडे जाईनात. शेवटी आत्यानंच दंडाला धरून नेलं. बरणीत नखाएवढे मासे फिरत होते, अंगावर काळे पट्टे उमटलेले, पर थेट आईबापांसारखे लांब. आतोबा भिंतीला टेकून खाली बसले. "अगं, खरंच आहेत की," एवढंच म्हणाले, आणि पंच्यानं डोळे पुसू लागले. आत्या म्हणाली, "नाहीतर काय. आता बोलू नका, घाबरतात ती."

त्यानंतर पेटी माजघरातच राहिली. आतोबा आणखी काही वर्षं होते. मी तोवर परगावी राहायला गेले होते. ते गेल्यावर घरात आत्या एकटी, म्हणून तिला माझ्या घरी आणायला मी सोलापूरला गेले. तिनं मला जेवू घातलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पानावर अंडी आहेत. आत्ता कशी येऊ?" मी म्हटलं, पिलं मोठी झाली की ये. ती म्हणाली, "तोवर पुन्हा घालतील ना." मग ती आंघोळीला उठली. मी एकटीच परतीच्या गाडीत बसले, आणि खूप दिवसांनी मला आतोबांची आठवण येऊन बरं वाटलं.