फळ्यावाले चाचा आणि नऊ नंबरची थप्पी

आमच्या फळ्यावाल्या चाचांइतका आकड्यांचा कंजूष माणूस अख्ख्या चंद्रपूर जिल्ह्यात झाला नाही, आणि पुढे होईल असंही वाटत नाही. लोक पैशाला जपतात, तुपाला जपतात. चाचा फळ्यावरच्या जागेला जपत. मूल गावच्या ज्या राइस मिलमध्ये मी नोकरीला लागलो तिथे ते गोदाम सांभाळत, आणि वजनकाट्याशेजारच्या भिंतीवरच रंगवलेला त्यांचा एक काळा फळा होता. रोज सकाळी ते तो आधी कोरड्या फडक्याने पुसत, मग ओल्या फडक्याने पुसत, वाळेपर्यंत समोर उभे राहत आणि मग मोजून सात ओळी लिहीत. किती धान आलं, किती भरडलं, कोणती मशीन बंद, किती ट्रक उभे, पोत्यांची कोणती थप्पी ओली. आठवी ओळ लिहायची वेळ आलीच तर आधीची एखादी पुसली जाई. अक्षर एवढं मोठं की बंडीवर बसलेल्या शेतकऱ्याला खाली न उतरता वाचता यावं. ते खरंच वाचता येतं का हे तपासायला चाचा कुणाच्याही बंडीवर चढून बसत. बैल दचकत, बंडीवाला ओरडे, आणि चाचा डोळे बारीक करून आपलंच अक्षर वाचत. "वाचता येत नाई त लिहून कायले राह्यलो मी?" असं पुटपुटत ते उतरत आणि 'ट्रक' हा शब्द पुन्हा जाड काढत.

पांढरे खडू खोक्यात पडलेले असत, पण लाल खडू सुपारीच्या डबीत आणि डबी सदऱ्याच्या आतल्या खिशात. लाल ओळ म्हणजे ती वाचून कुणीतरी त्याच क्षणी जागचं उठायलाच हवं, असा कायदा होता. एकदा ऐन हंगामात दोन आठवडे लाल ओळ दिसली नाही, तेव्हा मिलमालक शेठनी विचारलं, "काऊन चाचा, लाल खडू सरला का?" चाचा म्हणाले, "नाई शेठ. तुमाले उठाचं काम नाई पडलं." कुठलाही आकडा लिहिण्याआधी ते स्वतःलाच मोठ्याने विचारत, "हे पाहून कोण उठन?" उत्तर आलं नाही की आकडा बाद. मी नवा होतो तेव्हा हौसेने सुचवलं होतं, की गेल्या वर्षी याच दिवशी किती धान आलं होतं तेही खाली लिहू या. त्यांनी माझ्याकडे फार दयेने पाहिलं. "गेल्या सालच्या धानासाठी कोण उठते बेटा? ते त लोकाइनं खाल्लं बी."

ही शिस्त मिलच्या फाटकापाशी थांबती तर त्यांचे निम्मे नातेवाईक त्यांच्याशी बोलत राहिले असते. मुलीच्या निकाहच्या पत्रिकेवर त्यांनी फक्त तीन ओळी छापल्या: कोणाचा, कधी, आणि जेवण किती वाजता. काका, मामा, हाजी, वारलेले मरहूम, सगळे गाळले. पाहुणे घड्याळ लावल्यासारखे वेळेवर आले, पण पत्रिकेत नाव नाही म्हणून व्याही दोन वर्षं रुसून बसले. वाघाच्या जंगलाकडे जाणाऱ्या मोहर्लीच्या रस्त्यावर एका टपरीवाल्याने पाटी लावली होती, वाघ कुठे, कधी, कोणाला दिसला त्याची चांगली पंधरा ओळींची. आम्ही चहाला थांबलो होतो. चाचांनी सगळी पाटी वाचली, मग टपरीवाला दूध आणायला आत गेल्याचं बघून ती पुसली आणि लिहिलं, 'वाघ: आज माहीत नाई. चहा: आहे.' टपरीवाला परत आल्यावर जे बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण आमच्या देखत एक जीपगाडी ती पाटी वाचून थांबली आणि आठ चहा खपले, हेही खरं आहे.

अशा माणसाच्या फळ्यावर मी चुना फिरवला. दोन हजार साल उलटून गेलं होतं, मिलमध्ये कॉम्प्युटर आला होता आणि मी नागपूरहून तीन महिन्यांचा कोर्स करून 'डॅशबोर्ड' हा शब्द शिकून आलो होतो. शेठच्या केबिनमध्ये, त्यांच्या डोळ्यांसमोर, मी स्क्रीनभर सोळा चित्रं मांडली. पोळीसारखे कापलेले गोल, उभे खांब, गाडीतल्या काट्यासारखा हलणारा काटा. ज्या रंगाचं नाव मला मराठीत येत नव्हतं तोही मी वापरला. शेठ खूश झाले. मिलच्या भिंतींना रंग लागला तेव्हा फळाही बुजवला गेला आणि त्या जागी मिलचं नाव आलं. चाचांनी तो पडदा बराच वेळ पाहिला. "साजरं आहे," ते म्हणाले, "पण बेटा, हे पाहून कोण उठन?" शेठ हसले, म्हणून मीही हसलो. खरं तर मला राग आला होता.

तेव्हापासून चाचा रोज सकाळी गोदामातल्या बारा थप्प्यांची ओल मोजून मला एका चिठ्ठीवर देत. मी बारा आकड्यांची सरासरी काढून एका मोठ्या गोलात टाकत असे. पंधरा टक्क्यांच्या आत असली की गोल हिरवा. हमाल कुठल्या थप्पीवर लावायचे हेही आता मीच स्क्रीन बघून ठरवायचो. त्या आठवड्यात शेठ रायपूरला गेले होते. चाचांनी आणलेल्या चिठ्ठीवर नऊ नंबरपुढे एकोणीस होते आणि भोवती लाल खडूचं वेटोळं. "नऊ नंबर आजच मोडून वाळत टाकाव लागते. पोत्याइच्या मधात हात घालून पाह्य, गरम लागून राह्यलं." मी म्हणालो, "चाचा, सरासरी चौदा येते. हे बघा, हिरवं आहे." त्यांनी शांतपणे विचारलं, "सरासरी थप्पी कोणती होय बेटा? मले दाखव, मी जाऊन पाह्यतो." मी चिठ्ठी खणात टाकली. पुढचे चार दिवस ते एकोणिसाचे वीस, विसाचे बावीस आणत राहिले आणि मी भागाकार करत राहिलो.

शेठ आले त्या दुपारी नऊ नंबर उघडली तेव्हा आतून वाफ आली. धान काळं पडलं होतं आणि आंबूस वास थेट केबिनपर्यंत पोचला होता. शेठनी आम्हा दोघांना समोर घेतलं. मी माझ्या खुर्चीवर कॉम्प्युटरपुढे बसलेला, चाचा उभे. "चाचा, तीस साल झाले तुमाले गोदामात. तुमच्या ध्यानात नाई आलं?" चाचांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत धाक नव्हता, ते फक्त मला बोलायला वेळ देत होते. चिठ्ठ्या माझ्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर खणात होत्या. मला उभं राहून खण उघडायचा होता, एवढंच. मी स्क्रीनकडे पाहत राहिलो. तिथला गोल अजून हिरवा होता. महिन्याभरावर माझं लग्न आलं होतं, पत्रिका तीन ओळींत बसवून देतो म्हणून चाचाच माझ्या मागे लागले होते. माझी नोकरी गेली तर ते लग्न होणार नाही, हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. ते म्हणाले, "सांगाचं राहून गेलं शेठ. उमर झाली आता." शेठ वाईट माणूस नव्हते. त्यांनी आवाज चढवला नाही, फक्त पुढच्या महिन्यापासून घरी आराम करा म्हणाले. मिलमध्ये मात्र 'चाचा म्हातारपणी विसरले' एवढंच राहिलं, आणि ज्यांच्यासाठी त्यांनी तीस वर्षं अक्षर जाड काढलं ते बंडीवालेसुद्धा तेच बोलू लागले.

पुढे मी नागपूरला मोठ्या कंपनीत गेलो. तिथे मी मुलामुलींना डॅशबोर्ड कसा करावा ते शिकवतो. सात ओळी, जाड अक्षर, लाल रंग जपून, आणि प्रत्येक आकड्याला विचारा की हे पाहून कोण उठेल. मुलं वहीत लिहून घेतात, टाळ्या वाजवतात. हे कोणाचं आहे ते मी सांगत नाही. सांगायला गेलो तर नऊ नंबरही सांगावी लागेल.

काही वर्षांनी धीर करून मूलला त्यांच्या घरी गेलो. चाचा अंगणात बाजेवर बसले होते, फार वाळले होते. मी खिशातून ती लाल वेटोळ्याची चिठ्ठी काढून त्यांच्या हातावर ठेवली. म्हणालो, "चाचा, तुम्ही सांगितलं होतं. चूक माझी होती, आणि मी गप्प बसलो." त्यांनी ती लांब धरून वाचली, एकोणिसावरून बोट फिरवलं आणि घडी करून माझ्याच खिशात परत घातली. "हे पाहून आता कोण उठन, बेटा?" मग उशाची पाटी घेतली, डबीतून लाल खडू काढला, 'पाहुणा. चहा २' असं लिहून स्वयंपाकघराच्या दाराकडे धरली. चाचींना ऐकू येईनासं झालं होतं. त्यांनी वाचलं आणि त्या लगेच उठल्या.

संध्याकाळच्या बसने निघालो. बस मिलच्या फाटकावरूनच जाते. शेठची गाडी आत उभी होती, केबिनमधला पंखा फिरताना दिसत होता, आणि ही चिठ्ठी पाहून आता कोण उठन, या चाचांच्या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा सुचलं. "मिलपाशी कोणी उतरून राह्यलं का?" कंडक्टरने विचारलं. मी खिशातल्या चिठ्ठीवर हात ठेवून बसून राहिलो. कोणी उठत नाही असं पाहून त्याने घंटी मारली.