डोक्यावरून नेता येईल एवढाच माळा

गावाला निघताना मी पिशवी भरते, उचलून बघते आणि अर्धं सामान परत काढून ठेवते. सुना हसतात. हसू देत. सामान निवडायला मी एका कडुलिंबाच्या झाडाखाली शिकले, आणि ती शिकवणी फार महागात पडता पडता राहिली.

बहात्तरचा दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या हिवाळ्यातली गोष्ट. आमचं गाव तामलवाडीच्या अलीकडं, डोंगराच्या पायथ्याला. तीन एकर रान, त्यात शाळू, हिवाळी जोंधळा, उभा होता. नवरा सहकारी साखर कारखान्यावर हंगामी कामाला, पंधरवड्यातून एकदा यायचा. घरात मी आणि सासरे, दोघंच. दुष्काळात आम्ही दोघांनीही रस्त्याच्या कामावर दिवस काढले होते. ते पाट्या वाहायचे, मी खडी फोडायची. एकदा हातोडा डाव्या अंगठ्यावर बसला, नख गेलं. नवीन आलं ते वाकडंच, अजून तसंच आहे. शाळू हाती आला तर घरात बसून भाकरी, नाही आला तर पुन्हा खडी, हे मला स्वच्छ कळत होतं. म्हणून हातोडा मी दारामागं तसाच ठेवला होता.

कणसात दाणा भरला आणि डोंगरातून रानडुकरांची टोळी उतरायला लागली. दिवस मावळला की यायची. खायची थोडं, लोळवायची जास्त. बांधाकडच्या चार ओळी आडव्या झालेल्या पाहिल्या त्या सकाळी मी एकेक कणीस वेचून पदरात घेतलं.

सासऱ्यांनी पूर्वी कोतवालकी केलेली. कचेरीत ओळख होती, म्हणून धाराशिवला खेटे घालून पीक राखायला एक ठासणीची बंदूक आणि तिचा परवाना त्यांनी मिळवला होता. नेम चांगला, गुडघा वाईट. टोळीतलं एक पडलं की बाकीची वाट सोडतात, असं ते म्हणायचे. त्यासाठी झाडावर बसायला हवं, कारण जमिनीवर माणसाचा वास डुकराला लगेच लागतो.

"बसायचं तर चार पायाच्या माचाणावर," ते म्हणाले. "तरुणपणी म्या लई माचाणं वाहिली. आता बसणार."

त्यामागं एक जुनी सल होती. निजामाच्या वेळी जहागीरदाराची शिकार निघाली की गावकुसाबाहेरच्या माणसांना वेठीला धरून नेत. चौघांनी मिळून लाकडी माचाण डोक्यावरून डोंगरात न्यायचं, आणि वर बसायचे भलतेच. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर आमच्या लोकांनी ही कामं टाकली, पण सासऱ्यांच्या मानेला तो भार आठवत असावा. मला हे सगळं ठाऊक होतं. तरी माझी जीभ कुठं थांबते!

"बसा की मामा," मी म्हटलं. "पर वाहणार कोण?"

माचाण रानात ठेवता येत नव्हतं. सरपणाची इतकी टंचाई होती की रानात राहिलेलं लाकूड सकाळी कुणाच्या तरी चुलीत असायचं. शिवाय टोळीची वाट वाऱ्याबरोबर बदलायची. आज ओढ्याकडून, उद्या बांधाकडून. रोज संध्याकाळी माग बघून झाड ठरवायचं, तिथं बसण्याची सोय करायची आणि उतरल्यावर सगळं घरी आणायचं. त्यांचा गुडघा असा. म्हणजे वाहणारी मीच.

ते हसतील असं मला वाटलं होतं, पण हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर स्वतःची बाज अंगणात उलटी करून तिचा दोर सोडत बसलेले.

"किती वजन न्हेशील, बोल," म्हणाले. "माचाणाच्या जागी तेवढाच माळा करू."

मग आमची निवड सुरू झाली. बाजेचे पाय आणि लाकडी गाते, म्हणजे कडेचे दांडे, बाजूला टाकले, फार जड. वेळूचे चार तुकडे घेऊन बूड टेकण्यापुरती चौकट बांधली आणि अंबाडीच्या दोरानं विणली. चढायला शिडी तीही दोराचीच, वेळूच्या पायऱ्यांची. चाचणी मी ठरवली होती. सगळं डोक्यावर घेऊन अंगणात शंभर पावलं चालायचं, आणि मान वळवून मागं बघता आलं तर सामान पास. पहिल्यांदा मान वळेना. मग शिडीच्या दोन पायऱ्या काढल्या. मग पाण्याचा तांब्या काढला आणि त्याऐवजी लहान वाळका भोपळा घेतला. मग सासऱ्यांची उशी काढली.

"उशी ऱ्हाऊ दे की," ते म्हणाले.

"डुक्कर मारायला जाताय का झोपायला?" मी म्हटलं. उशी राहिली घरी.

एक वस्तू मात्र त्यांचा विरोध मोडून मी वाढवली. माझं जुनं नऊवारी लुगडं. बसल्यावर कमरेला गुंडाळायचं आणि टोक खोडाला बांधायचं, पडू नये म्हणून. "म्या काय बकरं हाय का बांधून घालायला?" असं रोज म्हणायचे आणि रोज बांधून घ्यायचे. बांधायचे मात्र स्वतःच. सुनेनं सासऱ्याच्या अंगाला हात लावायचा नाही ही आमच्याकडची रीत. मी खोडाची गाठ मारून टोक वर फेकायची आणि डोक्यावरचा पदर सावरत तोंड फिरवून उभी राहायची.

पहिले दोन दिवस डुकरं जवळ येऊन परत फिरली. दोष माळ्याचा होता. कूस बदलली की दोर करकरायचा, आणि तो आवाज मलासुद्धा बांधाआड बसून ऐकू यायचा. सासरे चिडले. मी त्यावर उपाय काढला, आणि त्यांना न विचारता काढला. घरात करडईचं तेल होतं वाटीभर, ते सगळं दोराला चोळलं. करकर बंद. मी खूश. रात्री माळा नेहमीसारखा कणगीशेजारी खुंटीला टांगला.

कणगीशेजारी उंदीर असतात आणि तेलाचा वास त्यांना लागतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मला त्या दिवशी कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी दिवस बुडायच्या बेतात होता. बांधावरच्या लिंबावर दोन पुरुष उंचीवर सासरे बसलेले, मी तीसेक पावलांवर बांधाआड, वारा डुकरांकडून माझ्याकडं येईल अशी. शाळवात सळसळ झाली. एक मोठा नर पुढं, मागं टोळी. सासऱ्यांनी बंदूक उचलली, थोडे पुढं झुकले, आणि वरच्या फांदीला बांधलेला दोर सटकन तुटला. माळा एका अंगानं लटकला. बंदुकीचा बार आभाळात उडाला, बंदूक खाली पडली, डुकरं डोंगराकडं उधळली. आणि सासरे लुगड्यात कमरेनं अडकून खोडाला लोंबकळत राहिले.

मी पळत गेले. शिडी खोडाच्या दुसऱ्या अंगाला होती, त्यांचा पाय तिथवर पोचत नव्हता. कुठंतरी पाय टेकल्याशिवाय कमरेची गाठ सैल होणार नव्हती. मी तीन पायऱ्या चढले आणि वाकून खांदा त्यांच्या पायाखाली धरला.

"मामा, माझ्या खांद्यावर पाय द्या."

"न्हाय."

"द्या म्हणते ना!"

"सुनंच्या खांद्यावर पाय? अगं, लोक काय म्हणतील?"

तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. लग्नाला चार वर्षं झाली होती, त्यांच्यापुढं मी कधी आवाज चढवला नव्हता. "इथं कुठं हायत लोक?" मी ओरडले. "लुगडं जुनं हाय, फाटतंय! तुमी पडलात तर मी एकटीनं खडी फोडू का?"

मग त्यांनी पायातली वहाण झटकून खाली टाकली, आणि अनवाणी पाय हळूच माझ्या खांद्यावर ठेवला. तेवढ्यातही वहाण काढायची त्यांना आठवण राहिली. गाठ सोडून ते शिडीवर आले तोवर मी खोड धरून रडत होते.

खाली आल्यावर त्यांनी आधी तुटलेला दोर हातात घेतला. कुरतडलेलं टोक नाकाशी नेलं.

"तेल लावलंस?"

"व्हय."

आता शिव्या बसणार म्हणून मी मान खाली घातली. त्यांनी ते टोक कमरेला खोवलं. "आवाज मातूर आला न्हाय आज," म्हणाले, आणि बंदूक उचलून लंगडत घराकडं चालायला लागले. शेजाऱ्यांनी बार कशाचा म्हणून विचारलं, तर स्वतःचाच तोल गेला म्हणून सांगितलं. तेलाची गोष्ट त्यांनी जन्मात कुणाला सांगितली नाही. नवऱ्यालासुद्धा नाही.

सकाळी उठले तर दारामागं हातोडा नव्हता. मी गावभर शोधलं. सासरे लोहाराकडं सापडले. हातोड्याचा दांडा बाहेर पडला होता आणि लोखंड भट्टीत लाल झालं होतं.

"ह्ये काय करताय?" मी म्हटलं.

"आकडं करतोय. दोन. फांदीत अडकवायला. लोखंड उंदीर खात न्हाय."

"आन् पीक गेलं तर? मी खडी काय हातानं फोडू?"

लोहारानं घण थांबवला. सासरे माझ्याकडं बघत नव्हते, माझ्या अंगठ्याकडं बघत होते.

"तू आता खडी फोडणार न्हाईस," ते म्हणाले. "डुकराचं काय त्ये म्या बघतो."

पीक अजून रानात उभं होतं, टोळी डोंगरात होती, आणि या माणसानं माझी मागं फिरायची वाट भट्टीत घातली होती. माझ्यासाठी एवढी हमी त्याआधी कुणी घेतली नव्हती. मी पदरानं तोंड झाकून घरी आले.

आकडे संध्याकाळी मिळाले. मग चार दिवस आम्ही रोज गेलो. कमरेला लुगडं तेच, फाटलेल्या जागी मी दुहेरी शिवलेलं. आता बांधताना ते बकऱ्याचं काही बोलत नसत. पाचव्या दिवशी, उजेड असतानाच, तो नर पुढं आला. माळा करकरला नाही, तुटला नाही. एकच बार झाला. मांस आळीभर वाटलं, आणि टोळी त्या साली पुन्हा उतरली नाही. शाळू घरात आला. उन्हाळ्यात रस्त्याच्या कामावर नावं लिहायला मुकादम आला, तेव्हा मी दारात बसून जोंधळे पाखडत होते. त्याला पाणी दिलं आणि वाटेला लावलं.

पुढं पाच-सहा वर्षं, सासऱ्यांना चढवेनासं होईपर्यंत, तो माळा मी डोक्यावरून नेला. दोर बदलले, वेळू बदलले, आकडे तेच राहिले. सगळ्या सामानात जड तेवढे तेच होते. ते आल्यापासून शंभर पावलांच्या चाचणीत माझी मान काही वळत नसे. सासरे विचारायचे, "जड व्हतंय का गं? काढू का आकडं?"

"न्हाय मामा," मी म्हणायची. "ऱ्हाऊ द्या."